बालशिक्षण, पालघर जिल्ह्यातील

प्राथमिक शाळेत जाण्यापूर्वीच्या, म्हणजे साधारणतः अडीच ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या शरीर, इंद्रिये, भाषा व भावना यांच्या विकासासाठी योजिलेल्या शिक्षणास बालशिक्षण म्हणतात. महाराष्ट्रात हे शिक्षण प्रथम शहरांतील सुशिक्षित कुटुंबांपुरते होते. ते खेड्यात, दलित वस्तीत आणि आदिवासी पाड्यावर नेण्याचा पहिला सातत्याचा प्रयत्न आजच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकास, बोर्डी व कोसबाड या दोन गावी झाला. ‘बालवाडी’ व ‘अंगणवाडी’ हे आज देशभर वापरात असलेले शब्द तेथील कार्यातूनच रूढ झाले. पालघर हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्यामुळे या विषयावरील जुन्या लेखनात ही सर्व स्थळे ठाणे जिल्ह्यात दाखविलेली असतात. दक्षिणेस वसई-विरारची दाट नागरी वस्ती, पश्चिमेस मच्छीमार व बागायतदार यांची किनारपट्टी आणि पूर्वेस जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ आदिवासी मुलूख, अशी या जिल्ह्याची रचना आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सु. ३० लक्ष लोकसंख्येपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लोक आदिवासी होते. लहान मुलाच्या शिक्षणाविषयीचे बहुतेक सर्व प्रश्न या एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी उभे असलेले दिसतात.

बालशिक्षणाची आधुनिक कल्पना यूरोपातील. जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी खेळ हे बालकाचे खरे कार्य मानून बालोद्यानाची पद्धती मांडली. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोम शहरातील गरीब कामगारांच्या वस्तीत आपले पहिले ‘बालगृह’ उघडले. मूल स्वतःच्या हालचालींतून व इंद्रियानुभवांतून शिकते, शिक्षकाने त्याच्या वाटेत न येता त्याला योग्य साधने पुरवावीत, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होय. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धती थोड्याच वर्षांत जगभर श्रीमंतांच्या शाळांत जाऊन बसली, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भारतात तिचा पहिला मोठा प्रयोग सौराष्ट्रात झाला. वकिलीचा व्यवसाय सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले. मारणे, भेडसावणे, बक्षिसांची लालूच दाखविणे आणि घोकंपट्टी यांना तेथे थारा नव्हता. गोष्ट, गाणे, नाट्य, बागकाम व मुक्त हालचाल यांना त्यांनी अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले.

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२–३१ ऑगस्ट १९७३) या कार्यात १९२३ मध्ये सामील झाल्या. त्यांचा जन्म मुंबईत, प्रार्थनासमाजी विचारांच्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. विवाहानंतर काही काळ त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते. तो संसार टिकला नाही आणि लहान मुलीला घेऊन त्या स्वतंत्रपणे राहू लागल्या. राजकोट येथील महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. ते स्थिर व मानाचे पद सोडून त्या गिजुभाईंकडे आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे मुखपत्र शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत निघे. पुढे १९३०–४० या दशकात त्याची मराठी आवृत्ती निघू लागली आणि तिची धुरा ताराबाईंनी दीर्घकाळ वाहिली. बालशिक्षणाचे शास्त्र मराठी पालकाला व शिक्षकाला समजेल अशा साध्या भाषेत सांगणारे नियतकालिक त्यापूर्वी मराठीत नव्हते, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही. मूल खोटे का बोलते, ते हट्ट का करते, त्याला अंधाराचे भय का वाटते, यांसारख्या घरोघरच्या प्रश्नांना शिक्षा व धाक यांखेरीज दुसरे उत्तर असू शकते, हा विचार मध्यमवर्गीय घरांत रुजविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी या पत्रिकेकडे जाते.

१९३६ मध्ये मुंबईस दादर येथे ताराबाईंनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिराबरोबरच बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही तेथे चालू झाले. संस्थेचा लौकिक वाढला. तथापि या यशातच ताराबाईंच्या असमाधानाचे मूळ होते. शिशुविहारात येणारी मुले सुस्थित घरांतील होती. लाकडी ठोकळे, दट्ट्यांच्या पेट्या, रंगांच्या पट्ट्या, मोजून-मापून घडविलेली परदेशी धर्तीची साधने यांचा खर्च साध्या गावाला पेलणारा नव्हता. ज्या देशातील बहुसंख्य मुले खेड्यात राहतात, त्या देशात अशी शाळा कितीही उत्तम असली तरी ती अपवादच राहणार, ही जाणीव त्यांना बेचैन करू लागली. याच सुमारास राष्ट्रीय शिक्षणाच्या विचारातही नवे वळण येत होते. १९३७ च्या वर्धा योजनेत मूलोद्योगी शिक्षण सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी कल्पिले होते. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेनंतर ‘नई तालीम’ची व्याप्ती वाढवून सात वर्षांखालील मुलांचे ‘पूर्व-बुनियादी’ शिक्षण तीत समाविष्ट झाले. पूर्व-बुनियादी शिक्षण खेड्यात प्रत्यक्ष चालवायचे कसे, याचा नमुना मात्र कोणापाशी नव्हता. तो तयार करण्याचे काम ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी अंगावर घेतले.

१९४५ अखेर बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डी हे डहाणूच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले गाव. घोलवड हे त्याचे जवळचे रेल्वे स्थानक. येथील सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल आणि तेथील आचार्य शं. रा. भिसे यांच्यामुळे गावात शिक्षणास अनुकूल असे वातावरण होते. भिसे हे बाळ गंगाधर खेर यांनी १९४० मध्ये स्थापन केलेल्या आदिवासी सेवा मंडळाच्या कार्याशीही निगडित होते. मात्र गावाच्या पूर्वेकडील परिस्थिती वेगळी होती. डहाणू व तलासरी भागातील वारली शेतकरी सावकार व जमीनदार यांच्या कचाट्यात सापडलेला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर धन्याकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची प्रथा तेथे चालू होती. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली. किसान सभेच्या शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला आणि ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार झाला. गोदावरीबाईंच्या जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या पुस्तकात या लढ्याची हकीकत आली आहे. एकाच वर्षी, एकाच परिसरात, एकीकडे प्रौढ वारल्यांच्या मुक्तीचा लढा आणि दुसरीकडे अडीच वर्षांच्या मुलासाठी शाळा, अशा दोन अगदी भिन्न प्रेरणांच्या चळवळी सुरू झाल्या. त्यांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता. परंतु दुसरीला पुढे जे अडथळे आले, त्यांची मुळे पहिलीने उघड केलेल्या दारिद्र्यातच होती.

बोर्डीत प्रथम मध्यवर्ती बालवाडी उघडण्यात आली. गावातील बरी स्थिती असलेली मुले तीत येऊ लागली. ज्यांच्यासाठी मुख्यतः केंद्र काढले, ती हरिजनवाड्यातील मुले मात्र येईनात. अंतर थोडे होते, परंतु अस्पृश्यतेने घातलेली सीमा त्या अंतराहून फार मोठी होती. शिवाय मुलाला न्हाऊमाखू घालून वेळेवर शाळेत पोचविण्यास पहाटे मजुरीला जाणाऱ्या आईला सवड नव्हती. यावर ताराबाईंनी काढलेला तोडगा साधा होता. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. सेविका सकाळी साहित्याची पिशवी घेऊन वाड्यात जाई, एखाद्या घराचे अंगण झाडून घेई, हाका मारून मुले गोळा करी. हातपाय धुणे, नाक पुसणे, केस विंचरणे, नखे काढणे येथपासून दिवस सुरू होई. मग गाणी, गोष्टी, खेळ, चित्रे. इमारत नाही, घंटा नाही, हजेरीचा धाक नाही. अंगणात भरते म्हणून हिला ‘अंगणवाडी’ असे नाव पडले. हिचा एक लाभ आरंभी कोणी कल्पिला नसावा. शाळा दारातच भरत असल्यामुळे आया, आज्या व मोठ्या बहिणी ती उभ्या उभ्या पाहत. मुलाला न मारता गप्प कसे करावे, खरूज झाली तर काय लावावे, गोष्ट कशी सांगावी, हे त्यांना कोणी निराळे शिकविले नाही. ते त्यांनी पाहून उचलले. पालकशिक्षणाची याहून स्वस्त व परिणामकारक रीत त्यानंतरही क्वचितच सापडली आहे.

या कार्यात ताराबाईंना लाभलेल्या सहकारी म्हणजे अनुताई वाघ (१७ मार्च १९१०–२७ सप्टेंबर १९९२). पुणे जिल्ह्यातील मोरगावी जन्मलेल्या अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि सहाच महिन्यांत त्यांना वैधव्य आले. त्या काळच्या रिवाजानुसार पुढचे आयुष्य घराच्या कोपऱ्यात जावयाचे. परंतु शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. नासिक जिल्ह्यातील चांदोरी येथे व नंतर पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्यांनी अध्यापन केले. १९४५ मध्ये कस्तुरबा स्मारक निधीतर्फे बोरिवली येथे भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात ताराबाईंशी त्यांचा परिचय झाला आणि त्या बोर्डीस आल्या, त्या कायमच्या. नोकरी करीत मॅट्रिक झालेल्या अनुताईंनी बी.ए. ची पदवी १९६१ मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मिळविली. ताराबाईंची बुद्धी शास्त्रीय व योजक, अनुताईंची वृत्ती सेवाशील व चिवट. दोघींच्या स्वभावांतील हा फरक केंद्राच्या दृष्टीने इष्टापत्तीच ठरला.

माँटेसरी पद्धतीचे भारतीयीकरण हा बोर्डीच्या प्रयोगाचा सर्वांत महत्त्वाचा शैक्षणिक भाग होय. डॉ. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. दुसऱ्या महायुद्धात इटालियन नागरिक म्हणून त्यांच्यावर काही काळ निर्बंध होते, तरी १९४६ पर्यंतच्या वास्तव्यात त्यांनी अड्यार व अन्यत्र अनेक भारतीय शिक्षकांस प्रशिक्षण दिले. या परंपरेत साधनांच्या शुद्धतेवर फार भर असे. ठराविक मापाचे, ठराविक रंगाचे, ठराविक क्रमाने हाताळावयाचे साधन बदलले, तर पद्धतीच बिघडते, अशी तिची धारणा होती. ताराबाईंनी साधनामागील तत्त्व आणि साधनाचे बाह्य रूप यांत भेद केला. लहान-मोठे, जड-हलके, खडबडीत-गुळगुळीत हे भेद मुलाला इंद्रियांनी जाणता यावेत, हे तत्त्व. त्यासाठी पॉलिश केलेला लाकडी मनोराच हवा, असे नाही. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले विपुल होते. चिंचोके, गुंजा, सागरगोटे, नारळाच्या करवंट्या, ताडाची पाने, बांबूच्या कांड्या, नदीतले गोटे, कुंभाराची माती हे सर्व फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळे. वेगवेगळ्या लांबीच्या बांबूच्या कांड्यांनी लांबीची पायरी दाखविता येते. करवंट्यांत निरनिराळे बी घालून तोंड बंद केले, की आवाजाच्या डब्या तयार होतात. पाने ठेवून त्यांच्या कडेने रेघ ओढताना बोटांना लेखनपूर्व वळण लागते. अशा साधनांचा दुसराही एक गुण होता. ती मोडली तर मुलाला कोणी रागावत नसे, कारण मुलेच दुसऱ्या दिवशी नवी गोळा करून आणीत.

या फेरबदलांबाबत मतभेद झाले व ते सर्वस्वी निराधार होते, असे म्हणता येत नाही. मूळ साधनात मुलाची चूक साधनच दाखवून देते. दट्ट्या चुकीच्या भोकात बसत नाही. हा स्वयंसुधारणेचा गुण शिंपल्यांत वा चिंचोक्यांत आपोआप येत नाही. तेथे शिक्षिकेची नजर लागते. म्हणजे साधनाचा खर्च वाचला, तरी शिक्षिकेच्या तयारीवरचा भार वाढला. स्वस्त बालवाडी म्हणजे अप्रशिक्षित सेविकेची बालवाडी, असा सोईस्कर अर्थ पुढील काळात जेथे जेथे काढला गेला, तेथे तेथे चिंचोके नुसते मोजण्यापुरते उरले, ही वस्तुस्थिती आहे. ताराबाईंना याची कल्पना होती. म्हणूनच त्यांच्या योजनेत बालवाडीइतकेच अध्यापन मंदिराला महत्त्व होते.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून काही किमी. अंतरावरील कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. बोर्डी हे सुधारलेले गाव. कोसबाड भोवती मात्र वारल्यांचे विखुरलेले पाडे होते. येथे बालशिक्षणाचा प्रश्न अगदी वेगळ्या रूपात पुढे आला. पाड्यावरील घरे एकमेकांपासून दूर, त्यामुळे एका अंगणात पुरेशी मुले जमत नसत. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत व गवतकापणीच्या हंगामात अख्खे कुटुंब कामावर जाई. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरे राखी आणि त्याच वयाची मुलगी धाकटे भावंड कडेवर घेऊन हिंडे. प्राथमिक शाळा जवळ असूनही पटावरची मुले तेथे दिसत नसत. आळस किंवा शिक्षणाची नावड हे याचे कारण नव्हते. घराच्या पोटापाण्याच्या रचनेत त्या मुलांना नेमून दिलेले काम होते आणि शाळेत जाणे म्हणजे ते काम सोडणे होय. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा या ठिकाणी निरुपयोगी ठरत होता.

यातून ‘कुरणशाळा’ निघाली. गुरे जेथे चरतात, तेथेच शिक्षकाने जावयाचे. दुपारी गुरे सावलीला बसली, की मुले झाडाखाली जमत. जमिनीवर काटकीने अक्षरे काढणे, गुरांची मोजदाद, गवताच्या व पक्ष्यांच्या जाती ओळखणे, गाणी, गोष्टी असा तिचा अभ्यासक्रम होता. एखादे जनावर शेतात शिरले, तर शाळा तेवढ्यापुरती थांबे. ही शाळा वयाने बालवाडीच्या पुढच्या मुलांची. परंतु मुलाच्या आयुष्याला शाळेनुसार वाकविण्याऐवजी शाळेलाच मुलाच्या आयुष्यानुसार वाकवावे, हा अंगणवाडीचा विचारच येथे पुढे नेलेला दिसतो. मुलींचा प्रश्न याहून अवघड होता. गाय झाडाला बांधता येते, तान्हे मूल बांधता येत नाही. मोठी बहीण शाळेत यावी, तर धाकट्या भावंडाची सोय आधी झाली पाहिजे. म्हणून पाळणाघर. पाळणाघरातले मूल अडीच वर्षांचे झाले, की बालवाडीत आणि बालवाडीतून प्राथमिक वर्गात. या तिन्हींची एकाच आवारात, एकाच देखरेखीखाली गुंफण करून सिद्ध झालेल्या रचनेस ‘विकासवाडी’ असे नाव देण्यात आले. बालवाडीतील मोकळेपणाची सवय झालेले मूल पहिलीत गेल्याबरोबर छडीला सामोरे जात नसल्याने गळती कमी होते, हाही तिचा हेतू होता. पाळणाघर ही आईसाठी केलेली दयाबुद्धीची सोय नसून प्राथमिक शिक्षणाची ती पहिली पायरी आहे, हा सिद्धांत कोसबाडने मांडला. शासकीय योजनांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे होते. तो त्यांत फारसा उतरला नाही.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर संस्थेची सर्व जबाबदारी अनुताईंवर आली. प्रशिक्षण, पाहणी व लेखन यांबरोबरच गावोगावी हिंडून बालवाड्या सुरू करून देण्याचे काम त्या करीत. त्यांचे बालवाडी कशी चालवावी हे पुस्तक अनेक बालसेविकांचे पहिले मार्गदर्शक ठरले आणि कोसबाडच्या टेकडीवरून हे आत्मकथन मराठी वाचकांत लोकप्रिय झाले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. १९८२ मध्ये अनुताई व रमेश पानसे यांच्या पुढाकाराने ‘ग्राममंगल’ ही संस्था स्थापन झाली आणि डहाणू तालुक्यातील दाभोण, ऐने या गावी नव्या शाळांचे प्रयोग सुरू झाले. बालकाची ज्ञानरचना, मेंदूविज्ञानातील संशोधन आणि स्थानिक बोली यांचा विचार या टप्प्यात अधिक शास्त्रीय पद्धतीने होऊ लागला.

भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, माता-शिक्षण व अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा गावातील ज्या केंद्रातून द्यावयाच्या, त्यास ‘अंगणवाडी’ हे नाव देण्यात आले. बोर्डीच्या वाड्यात जन्मलेला शब्द अशा रीतीने भारताच्या सर्व भाषांत गेला. आज देशातील अंगणवाड्यांची संख्या सु. चौदा लक्षांच्या घरात आहे. लहान मुलांसाठीच्या एवढ्या मोठ्या शासकीय यंत्रणा जगात थोड्याच असतील. शब्द मात्र जितका पसरला, तितका त्यामागील आशय पसरला नाही. एकाच सेविकेने आहार वाटावयाचा, वजने घ्यावयाची, नोंदवह्या भरावयाच्या, गृहभेटी द्यावयाच्या आणि उरलेल्या वेळात शिकवावयाचे, अशी वाटणी झाल्याने सहा सेवांपैकी शिक्षणाची सेवा सर्वांत दुबळी राहिली. कित्येक गावांत अंगणवाडीस लोक ‘खाऊची शाळा’ समजतात. अंगणवाडी सेविकेस कर्मचारी न मानता मानधनावरील स्वयंसेविका मानण्याचे धोरणही यास कारणीभूत आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस सेविकांनी दीर्घ संप केले. सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला.

आहाराचा प्रश्न गौण होता, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालमृत्यू झाले आणि मुंबईपासून थोड्याच तासांच्या अंतरावरील ही स्थिती पाहून महाराष्ट्र हादरला. त्यानंतरही जव्हार, मोखाडा व विक्रमगड तालुक्यांतून कुपोषणाच्या वार्ता वारंवार येत राहिल्या. गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याने २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रांत सुरू केली, तिचे केंद्रही अंगणवाडीच होय. उपाशी मुलाला शिकविता येत नाही, हे बोर्डीच्या सेविकांनाही ठाऊक होते. आहार आणि शिक्षण यांतून एकाची निवड करण्याची वेळ येणे, हा व्यवस्थेचा दोष आहे. बालविकासाच्या शास्त्राला असा भेद मान्य नाही.

जिल्ह्याच्या दक्षिण भागातील वसई तालुक्यात हाच प्रश्न स्थलांतराच्या रूपाने उपस्थित झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू येथील आदिवासी कुटुंबे भातकापणी उरकली, की दिवाळीनंतर वसई-भिवंडी परिसरातील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीला येतात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी सारे कुटुंब राबते. मुले चिखल तुडवितात, विटा उलथतात, भावंडे सांभाळतात. गावाकडच्या पटावर नाव असते, परंतु शाळेच्या वर्षाचा मोठा भाग मूल तेथे नसते. विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या व वसई तालुक्यातील उसगाव हे केंद्र असलेल्या विधायक संसद या संस्थेने, तसेच १९८० नंतर वेठबिगारांच्या सुटकेसाठी उभ्या राहिलेल्या श्रमजीवी संघटनेने, हा प्रश्न हाती घेतला. मजूर भट्टीवर राहण्यासाठी जी तात्पुरती झोपडी उभारतात, तिला ‘भोंगा’ म्हणतात. अशाच एका भोंग्यात भरणारी शाळा ती ‘भोंगाशाळा’. १९९०–२००० या दशकात वसई व लगतच्या तालुक्यांतील वीटभट्ट्यांवर अशा शाळा चालू झाल्या. शिक्षक बहुधा आदिवासी तरुण असत. मुलांची बोली त्यांना येई व भट्टीवरचे जिणे त्यांनी स्वतः अनुभवलेले असे. अंगण, कुरण आणि भोंगा ही तीन ठिकाणे मिळून एकच परंपरा होते. तथापि भोंगाशाळेत येणारी बहुतेक मुले सहा वर्षांवरील असल्याने त्यांच्या धाकट्या भावंडांचे काय, हा कोसबाडचा जुना प्रश्न भट्टीवर पुन्हा उभा राहिला.

वसई-विरारचे नागरी चित्र याच्या अगदी उलट आहे. वसई, नालासोपारा, विरार व नवघर-माणिकपूर ही शहरे आणि आसपासची गावे एकत्र करून २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ मध्ये तिची लोकसंख्या १२ लक्षांहून अधिक होती. मुंबईत घर न परवडणारी, पहाटेच्या लोकलने कामावर जाणारी लाखो कुटुंबे येथे आली. आई-वडील दोघेही दिवसाचे बारा-चौदा तास घराबाहेर असल्याने पाळणाघर व बालवर्ग ही येथील निकड बनली. ती मुख्यतः खाजगी वर्गांनी भागविली. इमारतींच्या तळमजल्यावरच्या गाळ्यांत भरणाऱ्या अशा वर्गांतून इंग्रजी अक्षरे व आकडे गिरविण्यावर भर असतो आणि तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ दिला जातो. महाराष्ट्र शासनाने १९९६ च्या अधिनियमाने पूर्वप्राथमिक शाळांच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी वा मुलाखत घेण्यास बंदी केली. पण वर्गात काय चालावे, यावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा उभी राहिली नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांवरील मुलांपुरता असल्याने त्याचेही संरक्षण या वयाला मिळत नाही. अशा स्थितीत पालकांपर्यंत योग्य माहिती पोचविणाऱ्या लेखनाचे मोल वाढते. गिजुभाई-ताराबाईंच्या लेखनापासून पुण्याहून १९८७ पासून निघणाऱ्या पालकनीती मासिकापर्यंत मराठीत अशा लेखनाची परंपरा आहे. मात्र नालासोपाऱ्याच्या चाळीतील पालक, ज्याची मातृभाषा अनेकदा हिंदी, भोजपुरी, गुजराती वा कोकणी असते, तो तिच्या कक्षेबाहेरच राहतो.

भाषेचा प्रश्न जिल्ह्याच्या सर्वच भागांत आहे. पाड्यावरचे मूल वारली बोली बोलते. वसईच्या किनारपट्टीवर सामवेदी व वाडवळी बोली आहेत. अंगणवाडीत वा शाळेत कानी पडणारी प्रमाण मराठी या मुलांना प्रथम अनोळखी वाटते. ‘मूल बोलत नाही’ असा सेविकेचा शेरा पुष्कळदा ‘मूल शाळेची भाषा बोलत नाही’ एवढ्याच अर्थाचा असतो. अनुताईंनी बालगीतांतून व गोष्टींतून स्थानिक शब्द व परिसर आणण्यावर भर दिला, तो यासाठीच. मुलाच्या बोलीतून आरंभ करून हळूहळू प्रमाणभाषेकडे नेण्याची पद्धत पुढे ग्राममंगलच्या शाळांत अधिक विचारपूर्वक राबविण्यात आली.

२००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदात बदल झाला. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे संगोपन व शिक्षण हे त्यात राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी एक झाले, हक्क मात्र झाले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे. बालवाडी व प्राथमिक शाळेचे पहिले दोन वर्ग यांना एकत्र बांधणारी ही कल्पना विकासवाडीशी मिळतीजुळती आहे. विकासवाडीतील पाळणाघर मात्र या रचनेच्या बाहेर राहिले. डहाणूपर्यंत उपनगरी लोकल २०१३ पासून जाऊ लागल्याने कोसबाड आज मुंबईच्या अधिक जवळ आले आहे. टेकडीवरील संस्थेत नूतन बालशिक्षण संघाचे काम चालू असून महाराष्ट्रातील बालशिक्षणाचे अभ्यासक व प्रशिक्षणार्थी ती पाहण्यास येत असतात.